माळ घातलीय आणि नोकरीतला नियम आडवा येतोय? नवीन माळकऱ्यांसाठी थोडं सविस्तर

राम कृष्ण हरी माउली.

गेल्या आषाढीला आमच्या दिंडीतल्या चार-पाच पोरापोरींनी माळ घातली आणि दोन महिन्यांच्या आत एकेकाचा फोन यायला लागला. एकाला कंपनीच्या गेटवर गळ्यातलं सगळं काढ म्हणाले, एकीच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये अंडाकरी आणि डाळ एकाच पळीने वाढतात, एकाला टीमच्या पार्टीत नुसता हातात तरी धर म्हणून ग्लास दिला. सगळ्यांचं म्हणणं एकच, दादा आता माळ सोडू का नोकरी सोडू. प्रत्येकाला अर्धा-अर्धा तास तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच काढतो. मला माळ घालून अकरा वर्षं झाली, त्यातली नऊ औषधाच्या कारखान्यात गेली, त्यामुळे यातलं बरंचसं माझ्या अंगावरून गेलंय.

पहिलं काम, कागद घ्या

महाराजांनी माळ घालताना तुमच्याकडून काय कबूल करून घेतलं ते आठवून लिहा. फडाफडात, म्हणजे महाराजांच्या वेगवेगळ्या परंपरांत, थोडा फरक असतो पण बहुतेक ठिकाणी हेच असतं: माळ गळ्यातून उतरवायची नाही, मांस-मच्छी-अंडं नाही, दारू नाही, परस्त्री आईसारखी, खोटं बोलायचं नाही, एकादशी धरायची, रोज हरिपाठ, आणि वर्षातून एक तरी पंढरीची वारी. हे झालं वचन. आता त्याच्या शेजारी दुसरी यादी करा, जे तुम्ही स्वतःहून धरलंय त्याची. बाहेरचं काहीच खायचं नाही, कपाळाला रोज गोपीचंदन पाहिजेच, पांढरेच कपडे, कांदा-लसूण बंद वगैरे. हे पण चांगलंच आहे, मी कोणाला सोडा म्हणत नाही, पण ते वचन नाहीये, आणि साहेबासमोर उभं राहून ठाम बोलायची वेळ आली तर ती पहिल्या यादीसाठी यावी. नवीन माणूस गोपीचंदनासाठी भांडतो, तिथं सगळी ताकद खर्च करतो, आणि खरी एकादशीची रजा मागायची वेळ येते तेव्हा सगळे म्हणतात की याचं रोजचंच काहीतरी असतं.

आणि त्या पहिल्या यादीत "खोटं बोलायचं नाही" हे पण आहे बरं का. हे मला फार पोटतिडकीने सांगायचंय, कारण वारीला जायचं म्हणून डॉक्टरकडनं खोटं सर्टिफिकेट आणणारे मी पाहिलेत, आजी वारली म्हणून तीन-तीन वेळा रजा घेणारे पण पाहिलेत. नेम पाळण्यासाठी नेमच मोडला की हो! पांडुरंगाला भेटायला निघालात आणि निघतानाच खोटं बोलून निघालात, मग त्या चालण्याला काय अर्थ राहिला. नियम आडवा आला तर उघड सांगा, लवकर सांगा, आणि त्याची जी काही किंमत असेल ती स्वतः भरा. पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

मग नियम कशासाठी आहे ते विचारा

इथं मी स्वतः चुकलो होतो. नोकरीचा पहिला आठवडा, पॅकिंग डिपार्टमेंट, चेंजरूममध्ये सुपरवायझर म्हणाला गळ्यातलं काढून ठेव. मी नाही म्हणालो. तो म्हणाला सगळ्यांना सारखा नियम आहे, मी म्हणालो माझ्या धर्मात हात घालू नका, आवाज चढला, चार माणसं जमली, आणि मला गेटबाहेर काढलं, त्या दिवसाचा पगार गेला. संध्याकाळी मोठ्या अभिमानाने आमच्या दिंडीच्या विणेकरी बाबांना फोन लावला, म्हटलं बाबा मी माळेसाठी असा असा उभा राहिलो. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "तो नियम कशासाठी केलाय ते विचारलंस का रे?"

विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी क्वालिटीच्या मॅडमना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, उघड्या गोळ्यांवरनं तू वाकलास आणि दोरा तुटला तर मणी कुठं जाईल? बाटलीत गेला तर ती बाटली कोणाच्या घरी जाईल? आता माझी माळ वारीत दोनदा तुटलेली, गर्दीत मणी शोधत मी स्वतः गुडघ्यावर बसलेलो, त्यामुळे "माझी तुटणार नाही" असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार. तो नियम माझ्या माळेवर नव्हताच मुळात, लग्नाची अंगठी, मंगळसूत्र, गंडादोरा, घड्याळ सगळं त्यात होतं, आणि तो कोणातरी आजारी माणसासाठी होता. भूतदया आपल्याच संप्रदायात शिकवतात ना. तेव्हा मला पटलं की उघड्या मालावर मी माळ घालून उभं राहणं बरोबर नाही, पण म्हणून माळ काढायची असंही नाही, मधला रस्ता शोधायचा.

तर नियम समोर आला की आधी बघा, तो कोणाचा जीव सांभाळायला केलाय का. ऑपरेशन थिएटर, औषधं, फिरती मशिनरी, खाद्यपदार्थ, इथं वाद घालू नका, जागा बदलून मागा. दुसरे असतात सवयीचे नियम, म्हणजे "आमच्याकडे सगळे शुक्रवारी एकत्र जेवतात", "फोटोत सगळे सारखे दिसले पाहिजेत", असले. हे नव्वद टक्के नुसतं नीट बोलून सुटतात, कारण तो नियम कोणी का केला हे करणाऱ्यालाही आठवत नसतं.

आणि तिसरे, जे माणसाला माणूस मानत नाहीत. तिथं मात्र ठाम उभंच राहायचं, मग नियम देवळाचा का असेना. आपल्या पंढरपुरातच बघा ना, चोखोबांना आत येऊ दिलं नाही, त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर नामदेव पायरीपाशी आहे, आपण तिथं डोकं टेकवूनच आत जातो. पुढे कितीतरी शतकं तो नियम तसाच राहिला. सानेगुरुजींनी आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांना समजावलं, आणि मग १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले, १० मे ला सुटलं, मंदिर हरिजनांना खुलं करायचं ठरलं तेव्हाच. मला यात काय दिसतं सांगू, आधी समजावणं, मग उघड सांगणं, आणि त्रास काढायचा तो स्वतःच्या देहाने, दुसऱ्याच्या डोक्यावर दगड घालून नाही. विठ्ठलावर श्रद्धा होती म्हणूनच ते विठ्ठलाच्या दारातल्या नियमाविरुद्ध बसले.

अर्ज कसा करायचा

तोंडी सांगून सोडू नका. तोंडी सांगितलेलं सुपरवायझर बदलला की संपलं. शक्य असेल तर जॉइन व्हायच्या आधीच सांगा, ऑफर हातात आल्यावर आणि सही करायच्या आधी, म्हणजे त्यांनाही फसवल्यासारखं वाटत नाही. मी शेवटी जो अर्ज दिला तो साधारण असा होता, लागला तर तसाच वापरा:

"मा. व्यवस्थापक साहेब, मी वारकरी संप्रदायाची तुळशीची माळ घेतली आहे व ती गळ्यातून न काढण्याचा माझा नेम आहे. उत्पादन विभागात दागिने व दोरे चालत नाहीत हे मला माहीत आहे आणि त्यामागचं कारण मला मान्य आहे. तरी ज्या विभागात उघडा माल हाताळला जात नाही अशा ठिकाणी मला काम मिळावे, अथवा माळ गळ्याबरोबर घट्ट करून गाऊनच्या आत पूर्ण झाकून काम करता येईल का याचा विचार व्हावा. यासाठी कोणत्याही शिफ्टला यायची माझी तयारी आहे. आपला विश्वासू."

यात धमकी नाही, रडणं नाही, धर्मावरचं भाषण नाही. नेम काय तो सांगितला, त्यांचं कारण मान्य केलं, आणि दोन रस्ते त्यांच्यासमोर ठेवले ज्यातला एक निवडणं त्यांना सोपं जाईल. एक प्रत स्वतःकडे ठेवा, दुसरीवर पोच घ्या, मेल केला तर उत्तमच. मला उत्तर यायला एकोणीस दिवस लागले, तेवढे दिवस मी बिनपगारी घरी. झाकून काम करायला नाहीच म्हणाले, पण डिस्पॅचला पाठवलं, जिथं सगळा माल सीलबंद पेटीत असतो. महिन्याला आठशे रुपये कमी मिळायला लागले कारण पॅकिंगचा भत्ता गेला. आईला वाईट वाटलं, मला पण वाटलं, तेव्हा आठशे म्हणजे घरचं महिन्याचं दूध होतं. पण ते आठशे रुपये माझ्या खिशातनं गेले, कोणा पेशंटच्या जिवातनं नाही आणि माझ्या शब्दातनं पण नाही, हे मनाला फार बरं वाटायचं आणि अजून वाटतं.

एकादशी आणि वारीची रजा

वर्षाचं कॅलेंडर जानेवारीतच समोर घ्या. एकादश्या २४, अधिक महिना असेल त्या वर्षी २६. कधी कधी लागोपाठ दोन दिवस एकादशी छापलेली असते, स्मार्त आणि भागवत, आपण वारकरी भागवत म्हणजे दुसऱ्या दिवशीची धरतो, नवीन माणूस हमखास आदल्या दिवशीची रजा टाकून बसतो. दर एकादशीला रजेची गरज नाहीच खरं तर, उपास करून कामाला जाता येतं. रजा लागते ती आषाढी-कार्तिकीला.

आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पायी म्हणजे जवळजवळ तीन आठवडे. नवीन नोकरीत पहिल्याच वर्षी एवढी रजा मागू नका, मिळणार नाही आणि तोंड वाकडं होईल ते वेगळंच. वचन वर्षातून एका वारीचं आहे, सगळी वाट चालायचंच असं नाही. पुणे ते सासवड दिवेघाटाचा एक दिवस चाला, वाखरी ते पंढरपूर शेवटचा टप्पा चाला, नाहीतर आषाढीला जमलं नाही तर कार्तिकीला जा, तेही नाही तर एखाद्या महिन्याच्या शुद्ध एकादशीला जाऊन या, तेव्हा गर्दी कमी आणि दर्शन निवांत होतं. अर्ज महिनाभर आधी, आणि अर्जात खरं कारण, "पंढरपूरची वारी".

आणि रजा नुसती मागू नका, बदल्यात काहीतरी द्या. नऊ वर्षांत मी सहा लक्ष्मीपूजनाच्या शिफ्ट केल्यात, घरी पूजा सकाळी लवकर उरकून. आमच्या डिस्पॅचला एक मुसलमान मित्र होता, त्याच्या ईदला मी थांबायचो आणि आषाढीला तो. मी वारीवरनं आलो की आधी प्रसादाचे चुरमुरे त्याच्या टेबलावर ठेवायचो आणि तो रोज्यात असला तर संध्याकाळपर्यंत तसेच पुडीत बांधून ठेवायचा. साहेबाला आम्हा दोघांपैकी कोणाचीच कधी अडचण झाली नाही.

उपासाबद्दल एवढंच, की उन्हातलं किंवा मशीनवरचं काम असेल तर निर्जळीच्या नादाला लागू नका. भगर, राजगिरा, शेंगदाणे, ताक घ्या. शुगर किंवा बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरला विचारा. चक्कर येऊन पडलात तर शेजारचा माणूस पण तुमच्याबरोबर अडकतो. हरिपाठाचं मात्र कुठलाच नियम काही बिघडवू शकत नाही, सत्तावीस अभंग आहेत, हॉस्टेलवर आवाज चालत नसेल तर मनात म्हणा, कंपनीच्या बसमध्ये म्हणा.

मेस, कँटीन, पार्टी

पहिल्या दिवशी आचाऱ्याला जाऊन भेटा, वॉर्डनच्या आधी. "मावशी मी माळकरी आहे, मला डाळीची पळी तेवढी वेगळी ठेवाल का" एवढंच. बहुतेक ठिकाणी मावशींच्या घरातच कोणीतरी माळकरी निघतो आणि तुमचं काम होऊन जातं. नाहीच झालं तर आपला डबा, एक छोटा कुकर, आणि हिरवा ठिपका बघून घेतलेली बिस्किटं. केकमध्ये अंडं असतं हे वाढदिवसाच्या दिवशी लक्षात येतं तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून आधीच सांगून ठेवा. औषधाचं बोलायचं तर, मी त्या लाइनमधला असल्याने मला नेहमी विचारतात: कॅप्सूलचं वरचं टरफल बहुतेक वेळा जिलेटिनचं म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचं असतं. डॉक्टरला सांगा की जमलं तर गोळी किंवा वनस्पतीच्या टरफलाची कॅप्सूल लिहून द्या, बऱ्याचदा पर्याय असतो. नसेल तर जे लिहिलंय ते घ्या आणि बरे व्हा, असं माझं स्वतःचं मत आहे, पटत नसेल तर आपल्या महाराजांना विचारा, पण विचारायच्या आधी औषध बंद करू नका.

बोलताना एक शब्द टाळा. "आमच्यात हे चालत नाही" असं म्हणू नका, त्यात समोरच्याचं ताट हलकं आहे असा वास येतो. "मी खात नाही" म्हणा. पार्टीत बसा, लिंबूपाणी घ्या, गप्पा मारा, दुसऱ्याच्या ताटाकडे बघून नाक मुरडू नका. दोन-तीन वेळा आग्रह होतो, चौथ्या वेळी तेच लोक वेटरला सांगतात की याला वेगळं आण. नुसता हातात धर म्हटलं तरी ग्लास धरू नका, कारण धरला की पुढच्या वेळी एक घोट असतो.

घरच्यांचं काय

हे ऑफिसपेक्षा अवघड आहे. गावच्या जत्रेला बोकड असतो, कुलदैवताचा मान असतो, आणि थोरला मुलगा म्हणून पहिला घास तुम्हीच घ्यायचा असतो. माझ्या चुलत्यांनी दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं होतं याच्यावरनं. मी काय केलं, तर जत्रेला जायचं सोडलं नाही. पालखीला खांदा दिला, मांडव घातला, पाणी भरलं, चुलीसाठी लाकडं फोडली, आणि जेवायच्या वेळी आईने बाजूला केलेली भाकरी-पिठलं घेऊन त्याच पंगतीच्या टोकाला बसलो. तिसऱ्या वर्षी चुलत्यांनीच हाक मारली, "ए माळकरी, इकडं बस." लग्न ठरवताना तर पहिल्या बैठकीतच सांगा, मुलीने पण आणि मुलाने पण. नंतर कळलं की दोन्ही घरं दुखावतात.

साफ नाहीच म्हणाले तर

बरेच जण लगेच कोर्ट-कायदा काढतात, म्हणून थोडं समजून घ्या. घटनेच्या कलम २५ मध्ये सद्सद्विवेकबुद्धीचं आणि धर्म पाळायचं स्वातंत्र्य आहे, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. केरळमध्ये १९८५ साली तीन भावंडांना शाळेतनं काढलं होतं, त्यांच्या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेमुळे ती राष्ट्रगीत म्हणत नव्हती म्हणून. पण ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, कोणाला म्हणू नका असं सांगत नव्हती, गोंधळ नाही काही नाही. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट १९८६ मध्ये निकाल मुलांच्या बाजूने दिला. उलट डिसेंबर २०१६ मध्ये हवाई दलातल्या एका जवानाला श्रद्धेसाठी दाढी ठेवायची होती, तिथं कोर्टाने दलाची शिस्त वरची धरली. म्हणजे कोर्ट पण हेच बघतं, की तुमची श्रद्धा खरी आहे का, वागणं आदराचं आहे का, आणि समोरचा नियम कशासाठी आहे. आणि ही हमी मुख्यतः सरकारपासून आहे, खाजगी कंपनीला कलम २५ दाखवून फारसं काही होत नाही, त्यामुळे एचआरच्या केबिनमध्ये घटना काढून बसू नका, चांगला वकील भेटून विचारा.

रस्ता उरलाच नाही तर दुसरी नोकरी शोधा, पण सापडेपर्यंत रागाने राजीनामा टाकू नका, घरात खाणारी तोंडं आहेत आणि त्यांनी माळ घातलेली नाही. जिथं सोडाल तिथं चांगलं बोलून सोडा. तुमच्या मागनं तिथं येणारा माळकरी तुमच्या वागण्यावरनं ओळखला जाणार आहे.

आणि चुकून काही झालंच, न कळता रस्सा पोटात गेला, एकादशी विसरली, तर रडत बसू नका आणि "आता काय, मोडलंच" म्हणून माळ पण उतरवू नका, नेम धरणाऱ्यांपैकी बरेच जण असेच सुटतात. ज्यांनी माळ घातली त्यांना फोन करा, ते सांगतील ते करा आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू.

दवाखाना, परीक्षा आणि बॅग

माळ तारेत ओवलेली असेल, चांदीची किंवा तांब्याची, तर ती धातू आहे, एमआरआयच्या खोलीत काढावीच लागेल. म्हणून मी नेहमी सुती दोऱ्यातली घ्या म्हणतो. तरी आत जाण्याआधी स्टाफला दाखवा आणि ते म्हणतील तसं करा. ऑपरेशनआधी डॉक्टर-नर्सना आदल्या दिवशी सांगितलं तर गळ्यातली माळ मनगटाला बांधून देता येते का ते बघतात. आमच्या दिंडीतल्या एका आज्जींच्या मोतीबिंदूच्या वेळी तसंच केलं. पण ॲक्सिडेंट झालाय, घाई आहे, तर माळ कापावी लागली तरी कापू द्या, घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे त्या वेळी बाहेर कोणी डॉक्टरशी हुज्जत घालणार नाही. नीटसारख्या परीक्षेला गळ्यात-हातात काही असेल तर तपासणीला वेळ लागतो, त्या वर्षीच्या सूचना वाचा आणि दिलेल्या वेळेच्या बरंच आधी सेंटरवर पोचा.

बॅगेच्या आतल्या कप्प्यात एक जादा माळ, सुई, सुती दोरा कायम असू द्या. आमच्याकडे माळ तुटली की पुन्हा गळ्यात पडेपर्यंत पाण्याचा घोट पण घेत नाहीत, आणि ती तुटते नेमकी सेकंड शिफ्टला, उन्हाळ्यात, बाजार लांब असताना.